वलंदेजी भांडे

एरवी आठवड्याला मला या साप्ताहिकात दीड रकाना मिळतो. त्यात मी शुद्धलेखन, विद्यार्थी आणि बसची रांग यांपैकी कोणाची तरी तक्रार करून मोकळा होतो. दिवाळी अंकात मात्र संपादकांचा हात सैल असतो. शिवाय वाचकही फराळाच्या ताटाशी बसलेला. त्याच्या चकलीत तक्रारीचा खडा कशाला, म्हणून यंदा एका भांड्याविषयी लिहितो.

हे भांडे गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाने टेक्ससहून आणले. तो दर दोन वर्षांनी येतो आणि येताना चॉकलेटे, बदाम, आमच्या मापाला न बसणारे सदरे असे काय काय आणतो. या खेपेस त्याने बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू दोन्ही हातांनी उचलली आणि दिवाणखान्यात फरशीवर ठेवली. आवाज असा झाला की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ ‘काही पडलं का?’ म्हणून विचारून गेले.

टॉवेलातून निघाले एक काळेकुट्ट पातेले. बारा इंच व्यासाचे, झाकणासकट नऊ किलो वजनाचे. बुडाला तीन आखूड पाय, उचलायला तारेची कडी आणि झाकण असे की त्याला सभोवार उभा काठ. पालथे घातले तर झाकण, उताणे केले तर ताट.

“डच ओव्हन,” भाऊ म्हणाला. “ह्यात उघड्यावर, कोळशावर स्वयंपाक करतात. वाटेल ते होतं. रस्सा, पाव, केकसुद्धा.”

“बिडाचं आहे,” आई आपल्या खुर्चीवरून म्हणाली. भांड्याला हात न लावता तिने ते ओळखले होते.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. हा खुलासा मी सवयीने करतो, कारण वर्गात ‘बिडाचा तवा’ म्हटले की मुलांना जिल्हा आठवतो. मराठीच्या मास्तरला ‘डच ओव्हन’ हे नाव पचेना. आपल्या जुन्या कागदपत्रांत डचांना वलंदेज म्हटले आहे. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती आणि तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. तेव्हा मी तिथल्या तिथे बारसे करून टाकले : वलंदेजी भांडे.

“दादा, हे अमेरिकेत ओतलेलं आहे. वलंदेजांचा काय संबंध?”

संबंध थोडासा आहे. इंग्लंडात अब्राहम डार्बी नावाचा एक कारागीर होऊन गेला. वाळूच्या साच्यात लोखंडाची पातेली ओतण्याचे पेटंट त्याने १७०७ साली घेतले. पितळेची भांडी साच्यात ओतावी कशी, हे तो आधी हॉलंडात जाऊन पाहून आला होता आणि भांड्याला डचांचे नाव लागले ते त्यावरून, असे सांगतात. पुढे दोनच वर्षांनी, १७०९ साली, कोलब्रुकडेल येथे त्याने लोणारी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळले, आणि १७७९ साली त्याच्या नातवाने जगातला पहिला मोठा लोखंडी पूल ओतला. औद्योगिक क्रांतीच्या मुळाशी शोधत गेले तर एक आमटीचे पातेले सापडते! इतिहासाच्या प्राध्यापकांना हे सांगितले तर ते मान हलवतात, पण खोडून काढत नाहीत.

अमेरिकेत मात्र या भांड्याचे सोने झाले. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांच्या गाड्यांतून ते हिंडले. टेक्ससमध्ये हजारो गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेत, तेव्हा बरोबर एक स्वयंपाकाची गाडी असे. १८६६ साली चार्ल्स गुडनाइट या गुरांच्या मालकाने लष्करी गाडीला मागे कपाट जोडून ती पहिल्यांदा तयार केली. गुराखी परतले की याच भांड्यातला घेवडा, मांसाचा रस्सा आणि आंबवलेल्या पिठाचे पाव त्यांच्या पुढ्यात येत. यूटा राज्याने तर १९९७ साली कायदा करून या भांड्याला राज्याचे अधिकृत पातेले ठरवले. आपल्याकडे कोणी पुरणयंत्रासाठी असा ठराव आणील तर मी पाठिंबा देईन.

माझी अकरावीतली मुलगी हे सगळे वाचून दाखवीत होती. तिने आणखी एक गोष्ट शोधून काढली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या आईने १७८८ साली मृत्युपत्र केले, त्यात स्वयंपाकघरातल्या लोखंडी भांड्यांची वेगळी नोंद आहे : अर्धी नातवाला, अर्धी नातीला.

“म्हणजे शेवटपर्यंत भांडी तिच्याच ताब्यात होती,” आई म्हणाली.

कोणी काही बोलले नाही. याचे कारण सांगितले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी आईने दूध तापत ठेवले आणि ती आत जाऊन लवंडली. दूध उतू गेले, ज्योत विझली, गॅस चालूच राहिला. सौ. त्या दिवशी नेमकी लवकर घरी आली, खिडक्या उघडल्या, पुढचे काही झाले नाही. संध्याकाळी मी आईजवळ बसून अगदी मऊ आवाजात म्हणालो, “आई, पुष्कळ केलंस. आता तू आराम कर. गॅसला हात लावू नकोस.” कचेरीतल्या हुकमावर वर दाद मागता येते, मुलाने मायेने काढलेल्या हुकमावर कोणाकडे मागायची? तेव्हापासून जी बाई चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीने उतरवीत असे ती लसूण सोलते, मेथी निवडते आणि सुनेला विचारते, “मी काही करू का?” सून बिचारी रोज काहीतरी शोधून देते.

भाऊबीज आटोपून आम्ही सगळे पेणजवळच्या आमच्या गावी गेलो. परसात आवळ्याचे झाड आहे. कार्तिकात त्याच्याखाली आवळीभोजन व्हायचे, ते वडील गेल्यापासून बंद पडले होते. आता वलंदेजी भांडे आलेच आहे तर पुन्हा करू, असे ठरले. आवळ्याखाली सामिष नको, एवढी अट सौ.ने घातली. म्हणून भावाने आदल्या दिवशी आपला टेक्ससचा प्रयोग पुढच्या अंगणात मांडला.

या स्वयंपाकाचे शास्त्र असे. विस्तव भांड्याच्या खाली ठेवायचा, तसाच झाकणावरही ठेवायचा. निखारे घसरून पडू नयेत म्हणून तर झाकणाला काठ. बीड तापायला वेळ लागतो. पण एकदा तापले की ऊब धरून ठेवते, आणि जड झाकणामुळे वाफ सहसा बाहेर जात नाही. तिकडे कोळशाची भुकटी दाबून केलेल्या एकसारख्या वड्या मिळतात. भांडे जितके इंच त्याच्या दुप्पट वड्या. म्हणजे बारा इंचाला चोवीस. भाजायचे असेल तर सोळा वर, आठ खाली. की आत साधारण पावणेदोनशे अंश सेल्सिअसची भट्टी तयार. दर पाव तासाने भांडे एका बाजूला पाव वळण फिरवायचे आणि झाकण उलट बाजूला, म्हणजे एकाच जागी करपत नाही. मुलीने वहीत कोष्टक आखले.

गावात मिळाला तो बाभळीचा कोळसा. एक तुकडा सुपारीएवढा, एक नारळाएवढा. आमच्या चिरंजीव बंधूंनी त्यातले चोवीस मोजून घेतले! कोंबडी, बटाटे, गाजरे, कांदे आत गेले, वर मैद्याचे गोळे थापले. वारा सुटला होता. “वारा तिकडून येतोय रे,” आई पडवीतून म्हणाली. कोणी लक्ष दिले नाही. दर पाच मिनिटांनी भाऊ झाकण उचलून आत डोकावत होता, आणि उचलले की साठलेली ऊब आणि वाफ दोन्ही निघून जात होती. तासाभराने उघडले तर तळाशी रस्सा कोळसा झालेला आणि वर मैदा पांढरा, कच्चा. गावच्या कुत्र्यांनीही तो वास घेऊन जरा विचार केला.

रात्री पिठलेभात खाताना आई म्हणाली, “उद्याचं मी करीन.”

तीन वर्षांत ‘करू का?’च्या जागी प्रथमच ‘करीन’ आले होते. क्रियापदाचा हा बदल मी जन्मभर शिकवीत आलो आहे. त्या रात्री तो माझ्या ताटाशी येऊन बसला. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी हो म्हटले नाही, आणि नाही म्हणायलाही तोंड उघडेना.

सकाळी आवळ्याखाली आईने स्टुलावर बैठक मारली. गुडघे दुखतात, त्यामुळे उकिडवे बसवत नाही. सौ.ने तिचा पदर घट्ट खोचून दिला आणि पाण्याची बादली घेऊन मागे उभी राहिली. मी परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा दोन हातांवर. कोबी, कांदा, मिरच्या, आले बारीक चिरलेले. डाळीचे आणि तांदळाचे पीठ, नारळाचे दूध, तेल. भानोले! माझ्या तोंडात ती चव तीस वर्षांपूर्वीची होती. गॅस आल्यापासून आमच्याकडे ते झालेच नव्हते, कारण गॅसला वरून विस्तव नसतो.

आईने निखारे मोजले नाहीत. जाळ बाजूलाच पेटवून ठेवला, त्यातले पिकलेले निखारे लांब चिमट्याने वेचले. खाली थोडे, तेही मधोमध नव्हे, कडेकडेने गोल. वर झाकणभर. वाऱ्याच्या अंगाला दोन विटा आणि एक फळकूट उभे केले. मग झाकणावर वीतभर उंचीवर तळवा धरला आणि ओठांतल्या ओठांत आकडे म्हटले. पाचाला हात मागे घेतला. “जरा जास्त आहे,” म्हणून निखाऱ्यांवर राख ओढली.

“आई, किती मिनिटं?” मुलगी घड्याळ घेऊन तयार होती. ती आजीला आईच म्हणते.

“वास येईल.”

“पण वास आला हे कसं कळणार?”

“नाक आहे ना?”

लग्न होऊन याच घरात आली तेव्हा ती पितळी भांड्यावर पत्रा ठेवून, त्यावर निखारे पसरून भानोले भाजत असे. गोव्यात बेबिंकाचे एकावर एक थर वरच्या विस्तवावरच भाजत आले आहेत. दमाच्या बिर्याणीच्या झाकणावरही निखारे असतातच. युक्ती जुनीच, सर्वांची. “ह्याचं झाकण मात्र हुशार आहे,” आईने शेरा मारला. “आमचा पत्रा सारखा घसरायचा.” भाऊ दोनदा झाकणाकडे सरकला, दोन्हीदा तिने चिमटा आडवा धरला.

चाळीस मिनिटांनी वास आला. खरोखरच सगळ्यांना एकदम कळला. झाकण निघाले तेव्हा वर तांबूस, खरपूस पापुद्रा, कडा सुटलेल्या. आवळ्याच्या बारीक पानांतून ऊन पडले होते. भावाने फोटो काढले. पत्रावळी मांडल्या, आईने स्वतःच्या हाताने चौकोन कापून वाढले.

पहिला घास घेतला आणि मी थांबलो. सौ.ही थांबली. मुलीने काही म्हणायला तोंड उघडले, तोच सौ.ने तिच्या पत्रावळीवर लोणच्याची फोड वाढली.

आईने घास चावला, गिळला.

“मीठ विसरले,” ती म्हणाली.

“लोणच्याशी छान लागतंय, आई,” सौ. म्हणाली. आणि ते खोटे नव्हते. भावाने चार चौकोन खाल्ले. आईने एक खाल्ला, आणि नंतर बराच वेळ ती हातातल्या चिमट्याने राख सारखी करीत बसली. मी काय बोलावे याची वाक्ये मनात रचीत होतो. वाक्ये रचण्याचाच माझा धंदा आहे. एकही जुळले नाही.

तोडगा निघाला तो भांडे घासताना. आईने राख आणि काथ्या घेतला, तसा भाऊ ओरडला, “आई, राख नको!” बिडावर तेल तापून तापून जो काळा थर बसतो तीच या भांड्याची कांती. राखेतला खार तो थर खातो. आमसूल, चिंच फार वेळ ठेवली तरी तो झिजतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. गरम पाणी, काथ्या, मग विस्तवावर खडखडीत वाळवून तेलाचा पुसट हात. आणि तापलेल्या भांड्यावर गार पाणी कधीच ओतायचे नाही; बीड तडकते.

“म्हणजे घासायचंच नाही?” आई म्हणाली. “आधीच सांगायचं नाही का! असं भांडं मला पन्नास वर्षांपूर्वी कोणी दिलं असतं तर...” आणि मग ती हसली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा भानोले केले. त्यात मुलीने मीठ घातले. घालायच्या आधी आजीला दाखवून घातले.

भाऊ परत गेला. भांडे आता आमच्या फ्लॅटमध्ये आईच्या खाटेखाली आहे. महिन्यातून एकदा ती ते ओढून काढायला लावते आणि तेलाचा हात फिरवते. गॅसचा हुकूम मी मागे घेतलेला नाही. घेणार नाही. पण आईने कोळशाची शेगडी मागितली आहे, गॅलरीत ठेवायला. गॅलरी मी चार वर्षांपूर्वी काचा लावून बंद केली, आणि बंद जागेत कोळसा म्हणजे विषारी वायू. तेव्हा काचा काढायला हव्यात. गेल्या रविवारी काचवाला येऊन मापे घेऊन गेला. काढायचे पैसे लावायच्या पैशांहून जास्त सांगतो आहे. सौ. म्हणते, देऊन टाका.