शिल्प कुणी शिकायचं?

निडीहून पेणला गेले की हमरापूर-जोह्याचे मूर्तीचे कारखाने बघतेच. साच्यातून गणपती कुणीही काढेल. डोळ्यांची आखणी मात्र वर्षानुवर्षं बसून हातात येते. एका वयस्क कारागिरांना विचारलं, "मुलगा शिकला का आखणी?"

"नाही, बी.कॉम. करतोय."

मीही बी.कॉम.च. काय बोलणार!

आदिनाथ भगवंतांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प अशी सहा कर्मं शिकवली. आपण मान दिला तो वाणिज्याला. मग कारागिरांची मुलंही तिकडेच वळणार.

माझा नातू आयटीआयला जातो म्हणाला, तेव्हा "लोक काय म्हणतील?" हे आधी मीच म्हणाले. आता तो कॉमर्सला आहे. घरातला बिघडलेला मिक्सर मात्र अजून तोच उघडून बसतो.