माझी भाची यंत्रमानव नाही

वसमतच्या माझ्या भाचीला कॉक्लियर इम्प्लांट आहे. कानामागे प्रोसेसर, डोक्याला चिकटणारी गोल चकती. वर्गातली पोरं तिला ‘रोबो’ म्हणतात. एका मास्तरांनी कौतुकाने ‘आमची यंत्रमानव’ म्हटलं. पोरांना माफ आहे, मास्तरांना नाही.

‘रोबो’ आला कारेल चापेकच्या १९२०च्या ‘आर. यू. आर.’ नाटकातून. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. रोबो म्हणजे वेठीसाठी बनवलेला. ‘सायबोर्ग’ हा शब्द १९६०चा, मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांचा: अंतराळात तगावा म्हणून यंत्राची जोड दिलेला माणूस. रोबो घडवतात, सायबोर्ग आईच्या पोटी जन्मतो. म्हणून विज्ञानकथेत रोबोला विचारतात, तू माणूस होशील का? आणि सायबोर्गला, तू माणूस उरलास का?

आपण मात्र निव्वळ यंत्राला ‘यंत्रमानव’ म्हणून मोकळे झालो. आता यंत्र लावलेल्या माणसासाठी वेगळा शब्दच उरला नाही, म्हणून त्यालाही तोच चिकटवतो.

‘शब्दावरून कशाला भांडता?’ भांडतो, कारण पेसमेकर बसवलेल्या हाजीसाहेबांना कुणी रोबो म्हणत नाही. ज्याचं यंत्र दिसतं आणि ज्याचं वय लहान, त्याच्याच माणूसपणाची झडती होते. इम्प्लांट आवाजाचे संकेत नसेपर्यंत पोचवतं. ऐकते ती मुलगी.

औंढा नागनाथला लायगो येणार म्हणून जिल्हाभर विज्ञानाच्या गप्पा चालल्यात. मास्तर, आधी एवढं शिका: यंत्र तिचं आहे, ती यंत्राची नाही.