गोळी, यकृत आणि आपले अज्ञान

द्वितीय वर्ष, कला

पौरुषाविषयी आपण मोठ्याने बोलतो, पण त्याच्या मुळाशी असलेल्या द्रव्याविषयी मात्र कुजबुजतो. त्या द्रव्याचे नाव टेस्टोस्टेरॉन. ज्यांच्या शरीरात ते पुरेसे तयार होत नाही, त्यांना ते औषध म्हणून घ्यावे लागते. त्याच्या गोळीविषयी दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, "गोळीने लिव्हर जाते." दुसरे म्हणते, "काही होत नाही, सगळेच घेतात." माझ्या मते ही दोन्ही मते आळशी आहेत, कारण 'कोणती गोळी?' हा प्रश्न दोघेही विचारत नाहीत.

१९३५ साली हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार झाले. पण तोंडाने घेतले तर ते टिकेना. आतड्यातून शोषलेले द्रव्य प्रथम यकृतात जाते आणि तेथेच त्याचा निकाल लागतो. मग शास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूतील सतराव्या कार्बनला एक मिथिल गट जोडला. हे मिथिलटेस्टोस्टेरॉन यकृताला सहज मोडता येईना, म्हणून गोळी लागू पडली. पण तिचा भार यकृतावरच आला. पित्त अडून कावीळ होणे, यकृतात रक्ताच्या पोकळ्या होणे, क्वचित गाठी होणे, असे विकार दिसून आले. शरीर कमावण्यासाठी चोरून घेतली जाणारी मेथॅन्डिएनोनची गोळी याच घराण्यातली!

टेस्टोस्टेरॉन अनडिकॅनोएटची जात निराळी. स्निग्ध जेवणाबरोबर घेतले असता त्याचा काही भाग लसिकावाहिन्यांतून, यकृताला वळसा घालून, रक्तात पोचतो. अमेरिकेत २०१९ साली त्याच्या एका कॅप्सूलला मान्यता मिळाली. जुन्या गोळ्यांसारखी यकृताची हानी त्याने होत असल्याचे दिसलेले नाही. परंतु त्याच मान्यतेबरोबर रक्तदाब वाढण्याचा ठळक इशाराही छापला गेला. शिवाय रक्त दाट होऊ शकते, शुक्रजंतू घटू शकतात. यकृत वाचले म्हणजे माणूस वाचला, असे नव्हे.

मित्रहो, कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे? माझ्या घरात औषधाच्या खोक्यातला कागद वाचू शकणारा मी पहिलाच. तो कागद इंग्रजीत असतो, अक्षरे मुंगीएवढी असतात. ज्याला तो वाचता येत नाही, तो शेजाऱ्याच्या शब्दावर गोळी घेतो किंवा भिऊन टाकून देतो. मग खरा रुग्ण लाजेपोटी उपचारावाचून राहतो आणि धडधाकट तरुण दंडाच्या मापापायी यकृत पणाला लावतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिमखान्याच्या फलकावर या गोळ्यांची नावे व धोके स्वच्छ मराठीत लिहा. वर्षातून एकदा डॉक्टरांना बोलवा आणि प्रश्न विचारणाऱ्याला हसू नका. रक्ततपासणीवाचून, डॉक्टरांच्या देखरेखीवाचून ही गोळी कोणीही घेऊ नये. आपण शिकलो ते केवळ पदवीसाठी नव्हे. घरातल्यांना तो बारीक अक्षरांचा कागद वाचून दाखवणे, हाही आपल्या शिक्षणाचाच भाग आहे.