उल्हासचा काठ आणि काठचा शेतकरी

कोकणातल्या बहुतेक नद्या शिमग्यापर्यंत दगडगोट्यांच्या होऊन जातात; उल्हास मात्र चैत्रातही वाहत असते. याचे श्रेय एकट्या सह्याद्रीला देता येणार नाही. ठोकरवाडी धरणाचे पाणी घाट उतरून टाटांच्या भिवपुरी वीजगृहात येते, जनित्रे फिरवते आणि उल्हासच्या पात्राला मिळते. १९२२ साली सुरू झालेल्या या वीजगृहाने नकळत एक बारमाही नदी घडवली. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या अशाच पाण्यावर कोलाडजवळ कुंडलिकेत तराफ्यांचा खेळ उभा राहिला आणि काठच्या गावांत चार पैसे खेळू लागले. नेरळ, वांगणी, बदलापूर या टापूत तसे काही का घडू नये?

येथील पाणी कोलाडइतके खळाळते नाही. वल्ह्याच्या लहान होडीला ते अधिकच सोयीचे. होडीतून येणाऱ्या पाहुण्याच्या गरजाही थोड्या असतात. काठाला लागण्यापुरता उतार, तंबूपुरती कोरडी जागा, पिण्याचे पाणी, शौचालय आणि रात्री तांदळाची भाकरी मिळाली की तो तृप्त होतो. भातकापणीनंतर काही खाचरांत वाल पेरला जातो, उरलेली रिकामीच पडून असतात. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ते अशाच शेतकऱ्यासाठी आहे. पण तो पुढे येईपर्यंत त्याच्या बांधावर भूखंड विकणाऱ्याची पाटी लागलेली असते, आणि एकदा कुंपण पडले की नदीवर जाण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट बंद होते.

तंबू म्हणजे कर्णे आणि बाटल्या, ही शंका पवना धरणाचा काठ पाहिलेल्यांना येणारच, आणि ती निराधार नाही. तथापि, ज्या जमिनीचा मालक त्याच गावात राहतो, तेथे धिंगाण्याला आपोआप आळा बसतो, असा अनुभव आहे. शौचालयाच्या बाबतीत मात्र सवलत नको. याच नदीचे पाणी अंबरनाथ-बदलापूरकर पितात. शोषखड्डा काठापासून दूरच हवा.

प्रदूषणाची खरी शिसारी यावी ती पुढे. उल्हासनगरचा खेमाणी नाला वर्षानुवर्षे या नदीत सांडपाणी ओतत आला. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर जिच्या काठी उभे आहे त्या वालधुनीत २०१४ साली रसायने सोडली गेली आणि त्या वायूने उल्हासनगरातील शेकडो माणसांना रुग्णालय गाठावे लागले. तेथे होडी घालण्याची कल्पनाही आज करवत नाही. मात्र वरच्या अंगाला ज्यांचे पोट स्वच्छ पाण्यावर चालेल अशी शेपन्नास घरे उभी राहिली, तर नदीसाठी भांडणाऱ्या मूठभर कार्यकर्त्यांना प्रथमच हितसंबंध असलेले सोबती मिळतील.

अडचण आहे ती पुराची, आणि ती लहान समजण्याचे कारण नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. ज्या शेतांत त्या दिवशी बोटी फिरल्या, त्याच शेतांत तंबू ठोकण्याचा विचार आपण करीत आहोत! म्हणून जून ते सप्टेंबर हा व्यवसाय पूर्णपणे बंद असावा, २०१९ च्या पूररेषेचे खांब गावोगावी रोवावेत आणि प्रत्येक पाहुण्याचे नाव नोंदवहीत असावे. बदलापूरच्या बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडे होड्या काठाला लागल्याच पाहिजेत. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याखालचा भोवरा पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही.

उरतो प्रश्न वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्याचा. भिवपुरी रायगड जिल्ह्यात आणि वांगणी ठाण्यात, त्यामुळे ही वेळ कोणी कोणाला कळवायची याचा वाद दोन कार्यालयांत सहज रंगू शकतो. पाणी वाढण्यापूर्वी काठच्या शेतकऱ्याच्या फोनवर सूचना जावी, एवढी तजवीज दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून येत्या दिवाळीपूर्वी करावी.