‘गो’ म्हणजे ‘जाणे’?

‘गोष्टी चुकीच्या गेल्या’ हे वाक्य आता केवळ विद्यार्थ्यांच्या अनुवादात नव्हे, तर छापील पुस्तकांतही सुखेनैव वावरते. मराठीत गोष्टी बिघडतात, फसतात, विस्कटतात. चुकीच्या ‘जात’ नाहीत. ‘थिंग्ज वेन्ट राँग’मधल्या ‘वेन्ट’ने घेतलेला हा बळी आहे.

दोष विद्यार्थ्याच्या माथी मारून आपण मोकळे होतो. वस्तुतः ‘गो म्हणजे जाणे’ हे समीकरण फळ्यावर आपणा शिक्षकांनीच लिहिले आणि एम.ए.च्या वर्गापर्यंत ते पुसले नाही.

इंग्रजीतले हे क्रियापद स्थलांतरापाशी थांबत नाही. दूध ‘गोज सावर’ तेव्हा ते नासते. शाळेची बेल ‘गोज’ तेव्हा घंटा होते. ‘एनिथिंग गोज’ म्हणजे काहीही चालते. ‘आय ॲम गोइंग टु स्टे’ म्हणणारा तर राहणार असतो! एखादे काम करण्यासाठी निघणे हा मूळ अर्थ झिजत झिजत तेथे निव्वळ भविष्याची खूण उरली आहे. मराठीत ते काम ‘-णार’ हा प्रत्यय करतो.

एका इंग्रजी शब्दासाठी इतके पर्याय शोधावे लागतात, म्हणून मराठी अपुरी, असा निष्कर्ष काढणारे विद्वान आपल्यात आहेत. त्यांनी घरचे ‘जाणे’ एकदा तपासावे. आपल्याकडे वीज जाते, भिंतीला तडा जातो, बाईला दिवस जातात. ‘ते गेले’ एवढ्यानेच मृत्यूची वार्ता कळते. म्हणून तर निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो. वीज आणि मृत्यू ‘गो’ला पेलतील, तडा आणि दिवस यांच्यापाशी ते थबकते. मग इंग्रजीही अपुरीच म्हणायची काय?

दोन्ही क्रियापदांचा इतिहासही सरळ नाही. ‘वेन्ट’ हे रूप मुळात ‘वेन्ड’ या वेगळ्याच क्रियापदाचे. आपले ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूपासून आले, तर ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’ या रूपापासून. रोज तोंडी असणारे शब्द असे मिश्र आणि हट्टी असतात. त्यांचा अर्थ कोशातल्या पहिल्या प्रतिशब्दात मावत नाही.

तेव्हा समीकरण पुसावे आणि फळ्यावर पूर्ण वाक्य लिहावे. ‘या शब्दाला मराठीत काय म्हणतात?’ असे न विचारता ‘अशा वेळी मराठी माणूस काय म्हणतो?’ असे विचारावे. हा प्रश्न वर्गात विचारला जात नाही, तोवर ‘चुकीच्या गेलेल्या’ गोष्टींबद्दल विद्यार्थ्यांचे गुण कापण्याचा अधिकार आपल्याला नाही.