पांढरीच्या पोटात



उन्हाळा लागला की गावोगाव ट्रॉल्या निघतात. कुणी तलावातला गाळ ओढतो, तर कुणी गावाशेजारच्या जुन्या पांढरीची माती. ही माती पिकाला मानवते, हे खोटे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, हाडे तिच्यात मुरलेली असतात. स्फुरद चांगला असतो. मीच कितीतरी जणांना "खुशाल टाका" म्हणून सांगितले आहे. आज मात्र त्याच मातीबद्दल वेगळे लिहायचे आहे.

नेवासे आपल्याला ठाऊक आहे ते ज्ञानेश्वरीमुळे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ती इथे सांगितली गेली. पैसाच्या खांबाला हात लावून आलेले वारकरी गावोगाव आहेत. त्याच नेवाशात, प्रवरेच्या काठी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात जुने टेकाड खणले. विहीर खणताना कसे माती, मुरूम, खडक असे थर लागतात? तसेच इथे माणसांचे थर लागले. वर मुसलमानी आणि मराठे अमदानीचा. त्याखाली सातवाहनांचा, त्यात त्यांची नाणी, आणि दूर रोमकडून दारू भरून आलेल्या उंच, दोन कानांच्या रांजणांच्या खापऱ्या! म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या प्रवराकाठचा व्यापार समुद्रापार पोचला होता. (आणि आपण बाजार समिती लांब पडते म्हणून कुरकुरतो.)

त्याच्याही खाली तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती. तांबे आणि दगड दोन्ही वापरणारी ही माणसे. त्यांची भांडी तांबड्या रंगाची, वर काळ्या रेघा, आणि वाजवली तर खणखणीत. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला अशी भांडी आधी सापडली म्हणून त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. एका लेकराच्या गळ्यात तांब्याचे मणी होते. ते ओवलेल्या दोऱ्यात कापूस आणि रेशीम निघाले. नदीच्या दरडीतल्या गोट्यांत तर त्याहून फार प्राचीन माणसाची दगडी हत्यारे.

मधली काही शतके मात्र टेकाड ओस होते. माणसे का गेली असतील? शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीकाठी, १९६८ पासून उत्खनन झाले. तिथे बांध घालून पुराचे पाणी वळवणारा पाट सापडला. सातू, गहू, मसूर, वाटाणा पिकत होता. पुढे पाऊसमान घटले. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली आणि अखेर गाव उठले. पाणी सरले की काय होते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता माझी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गावात माझ्याच सल्ल्याने एका शेतकऱ्याने टेकाडाची माती रानात पसरली. तांबड्या खापऱ्यांचा खच पडला. "वेचून टाका, पायाला लागतील," एवढेच मी म्हणालो. पुढे एका संग्रहालयात काचेआड तसल्याच खापऱ्या पाहिल्या आणि मान खाली गेली. पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "साहेब, त्या टायमाला दोन मडकी निघाली हुती, तोंडाला तोंड लावून. आत बारकी हाडं. म्या हळद-कुंकू वाहून नदीत सोडली."

मडकी कसली होती, ते मला तोवर कळले होते. ती जोर्वे माणसे दगावलेले मूल असेच दोन रांजणांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत. नेवाशालाही अशी दफने निघाली आहेत. मी वहिनींना तसे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आईनं घरातच ठिवलं हुतं व्हय."

तर मंडळी, पांढरीत रंगीत खापऱ्या, मणी, हाडे, मडकी दिसली तर ट्रॉली थांबवा. वस्तू हलवू नका. तहसील कचेरीत कळवा, म्हणजे पुरातत्त्व खात्यापर्यंत बातमी जाईल. थरातून उपटलेल्या वस्तूचे वय सांगणे जाणकारालाही कठीण जाते. खतासाठी गाळ आहे, शेणखत आहे, आणि स्फुरद तर पोत्यातही मिळते.

त्या शेतकऱ्याचे निम्मे टेकाड अजून शिल्लक आहे. यंदा त्याने तलावाचा गाळ ओढला.