तारांची निगा

भोपाळ शहरी मोठ्या तलावाच्या काठी भारत भवन आहे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया ह्यांनी त्याची रचना केली व १९८२ साली ते लोकांस खुले झाले. त्यात ‘बहिरंग’ नावाचे एक उघडे रंगस्थान आहे. तेथे गायन किंवा नाटक ऐकावयास जाणारा मनुष्य कलावंताकडे पाहतो, फार तर लाऊडस्पीकरकडे पाहतो. परंतु माईकपासून निघून जमिनीवरून सरपटत गेलेल्या काळ्या तारेकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ती बिघडली म्हणजे मात्र सर्वांस तिची आठवण होते. आपल्या गावच्या सणाला वा लग्नाला तरी ह्याहून वेगळे काय घडते?

ह्या तारेचे पोट उघडून पाहावे. आत तांब्याच्या बारीक तंतूंच्या दोन तारा एकमेकींभोवती पीळ घालून बसविलेल्या असतात. ही पिळाची युक्ती टेलिफोनच्या कामी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांनी १८८१ साली पेटंट केली. दोन्ही तारांतून एकच ध्वनी जातो, पण एकीतून सुलटा व दुसरीतून उलटा. वाटेत बाहेरची खरखर शिरली तर ती दोघींवर सारखीच पडते. पलीकडे मिक्सर दोघींतील फरक तेवढा घेतो आणि खरखर आपोआप वजा होते. ह्या दोघींभोवती आणखी तांब्याची जाळी असते. तिचे तंतू तुटले किंवा फाकले की घरघर सुरू होते; आणि ते बहुधा कार्यक्रमात तुटत नाहीत, कार्यक्रम संपल्यावर तुटतात.

कसे, ते सांगतो. रात्रीचा एक वाजलेला असतो, टेम्पोवाला घाई करीत असतो, आणि पोरे पंजा व कोपर ह्यांभोवती तार कचकचून गुंडाळू लागतात. प्रत्येक वेढ्यागणिक तारेला एक पूर्ण पीळ बसतो, तोही एकाच दिशेने. वीस वेढे म्हणजे वीस पीळ. सुतळी फार पिळली म्हणजे जशी गाठाळते तशीच तारही आतून गाठाळते. पुढल्या वेळी ती ओढली की आकडे पडतात, आणि ते हिसडा देऊन सोडविताना आतले तंतू जातात. पोरांस दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कोणी दाखविलेलेच नसते.

जाणते साउंडवाले पहिला वेढा हातावर नेहमीसारखा घेतात, आणि दुसरा घेताना मनगट आत वळवून तार वेढ्याच्या खालून आणतात. एक वरून, एक खालून, असे शेवटपर्यंत. वरच्या वेढ्याचा पीळ खालचा वेढा काढून टाकतो. असे वेटोळे एक टोक धरून फेकले तर तार सरळ पसरते. मात्र मोकळे टोक वेढ्यांच्या मधून गेले, तर गाठींची माळच तयार होते. म्हणून वेटोळे लगेच बांधावे. त्यासाठी सुती नाडी पुरे, किंवा वेल्क्रोची पट्टी घ्यावी. (ही पट्टी जॉर्ज द मेस्त्राल ह्या स्विस गृहस्थाला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या गोखरूसारख्या काटेरी फळांवरून सुचली.) चिकटपट्टीने बांधू नये, उन्हाने तिचा डिंक पाघळतो व सर्व तार चिकट होते. माईकच्या तारेची नर व मादी टोके एकमेकांत खोचून ठेवावीत, म्हणजे पिनांत धूळ जात नाही.

भोपाळात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पुढे पावसाळाही चांगला बरसतो. आपल्याकडेही दमटपणाची वाण नाही. ओली तार पेटीत बंद केली की तांब्यावर हिरवा गंज चढतो. म्हणून कोरड्या फडक्याने पुसून, वाळवून मगच ती ठेवावी. पेटीला झाकण घट्ट असावे, कारण उंदरांस तारेचे वेष्टन फार आवडते. टेम्पोत तारांवर स्पीकर ठेवू नयेत. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस तिच्या लांबीप्रमाणे रंगीत खूण करावी. अंधारात फार उपयोग होतो.

विजेच्या मुख्य तारांची पेटी निराळी असावी, आणि येथे काटकसर मुळीच करू नये. माईकची तार तुटली तर भाषण थांबते. विजेच्या तारेचे वेष्टन फाटून ती ओल्या मांडवात पडली तर माणूस जातो. अशी तार चिकटपट्टी लावून पुन्हा वापरू नये. रिळावरची तार लहान कामासही पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळीतील उष्णता बाहेर पडत नाही व वेष्टन वितळू लागते. माईकच्या तारा तिला समांतर न नेता काटकोनात ओलांडून न्याव्यात.

निघण्यापूर्वी पेटीच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्याशी तारा मोजून घ्याव्यात. एक कमी भरली तर आधी सतरंजीखाली पाहावे.